आधी पाणी, मग छप्पर, शेवटी बी: सोलापूरच्या वस्तीवरची उन्हाळी कामं कोणत्या क्रमानं करावीत

दर वर्षी तेच घडतं. पाडवा झाला की बाजारातून भेंडी-गवारीच्या पुड्या येतात आणि त्या पेरल्यावर पाण्याची आठवण होते. हिरवी जाळी मे महिन्यात, म्हणजे झाडं करपल्यावर येते. घराच्या स्लॅबला चुना लागतो तो भर दुपारी, आणि पहिल्या वळवात धुऊन जातो. यातलं प्रत्येक काम बरोबर आहे, फक्त क्रम उलटा आहे. एक-दोन एकरांची वस्ती, शेजारी घर, दारात चार वाफे आणि पाच-सात फळझाडं असलेल्या कुटुंबासाठी हा क्रम इथे सविस्तर दिला आहे. सोलापूर, मोहोळ, मंगळवेढा, सांगोला, अक्कलकोट या पट्ट्यातली काळी आणि मुरमाड रानं, ४० अंशांच्या वर जाणारा पारा आणि अवचित येणारा वळीव डोळ्यांसमोर ठेवून यातली मापं दिली आहेत.

कामांची ढोबळ विभागणी अशी. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाण्याची मोजणी, पत्रे आवळणं आणि स्लॅबच्या भेगा. एप्रिलच्या सुरुवातीला चुना, ठिबक आणि सावली. त्यानंतर वाफे आणि पेरणी, फक्त भेंडी मार्चअखेरपर्यंत. एप्रिलअखेर ते मे फळझाडांचे खड्डे. रोहिणी नक्षत्र, म्हणजे २५ मे, उजाडण्याआधी पावसाची सगळी तयारी.

टप्पा १: पाणी मोजा

अंदाजानं चालू नका. २०० लिटरचं पिंप घ्या, सकाळी बोअर किंवा विहिरीची मोटर सुरू करा आणि पिंप भरायला किती मिनिटं लागली ते भिंतीवर लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी त्याच वेळी पुन्हा मोजा. वेळ पाव पटीनं वाढली असेल, तर मे महिन्यात काय होईल ते आत्ताच कळलं. एक वाफा कमी करा.

आता गरज. एप्रिल-मेमध्ये आच्छादन आणि सावली असलेल्या भाजीच्या वाफ्याला दर चौरस मीटरला रोज ५ ते ७ लिटर पाणी लागतं. ४ फूट रुंद आणि १० फूट लांब वाफा म्हणजे साधारण पावणेचार चौरस मीटर. म्हणजे एका वाफ्याला रोज २० ते २५ लिटर. घरचं पिणं, सांडणं आणि जनावरं भागवून रोज १०० लिटर चांगलं पाणी उरत असेल तर चार वाफे करा. ५० लिटर उरत असेल तर दोनच. दोन वाफ्यांत घरापुरती भाजी निघते. पाण्याविना पसरलेल्या आठ वाफ्यांत एकही वेळची निघत नाही.

न्हाणीचं पाणी वेगळं धरा. पाच माणसांच्या घरात अंघोळीचंच रोज १०० लिटरच्या आसपास जातं. ते केळी, शेवगा, लिंबू, कढीपत्ता यांना द्या. त्यासाठी न्हाणीच्या तोंडाशी दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा घ्या. तळाशी मोठे दगड, वर खडी, सर्वांत वर वाळूचा अर्धा फूट थर घाला आणि पुढे कर्दळ लावा. वाळूचा वरचा दोन इंच थर महिन्यातून एकदा काढून धुवा, नाहीतर साबणाचा लगदा बसून खड्डा तुंबतो.

सावधान: कपडे धुतलेलं पहिलं फेसाळ पाणी झाडांना देऊ नका. धुण्याच्या पावडरीतल्या सोडियममुळे काळी माती चिकट होते, वाळली की दगडासारखी घट्ट बसते आणि पुढे पाणी मुरत नाही. पालक, कोथिंबीर, मुळा अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना न्हाणीचं कुठलंच पाणी नको. हे पाणी एक दिवसापेक्षा जास्त साठवूही नका. वास सुटतो आणि डास होतात.

टप्पा २: पत्रे, माळवद, स्लॅब

छपराचं काम चुन्यापासून सुरू होत नाही, दुरुस्तीपासून होतं. तीनही प्रकारच्या छपरांची रीत वेगळी आहे.

*पत्र्याचं घर.* वळीव पावसाआधी वारा घेऊन येतो आणि तो एप्रिलमध्येही येतो. म्हणून हे काम मार्चमध्येच उरका. प्रत्येक जे-हुकचं नट हातानं हलवून बघा. उन्हानं वायसर वाळून तडकलेला असतो. तिथूनच पुढे गळती लागते आणि पत्रा खडखडायला लागतो. वायसर बदला, नट आवळा, पण पत्र्याची वळी दबेल इतकं आवळू नका. छपराच्या कडेच्या आणि वळचणीच्या ओळीत प्रत्येक वळीला नसला तरी एकाआड एक वळीला हुक हवाच, कारण वारा तिथूनच आत शिरतो.

पत्र्यावर दगड, जुनी टायरं, लाकडं ठेवायची सवय सोडा. पत्रा उचलला गेला तर तोच दगड खाली झोपलेल्या माणसावर येतो.

पत्र्याला चुना लावू नका. तो टिकत नाही, पापुद्रे निघतात आणि जस्ताच्या मुलाम्यालाही तो चांगला नाही. पत्रा धुऊन, गंजलेली जागा घासून, तिथे प्रायमर देऊन छपरासाठी मिळणारा पांढरा रंग दोन हात द्या. आतून बांबूच्या तट्ट्याचं किंवा जुन्या चटयांचं छत बांधायचं असेल, तर पत्रा आणि छत यांच्यात किमान अर्धा फूट पोकळी ठेवा आणि दोन्ही टोकं उघडी ठेवा. गरम हवा तिथून निघून गेली नाही तर छत बांधून फारसा उपयोग होत नाही.

सावधान: सिमेंटचे जुने पत्रे कोरडे घासू नका, त्यांना भोकंही पाडू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असतो आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. त्यांच्यावर थेट पाय देऊ नका. खालच्या कैचीच्या रेषेवर आडवी फळी टाकून तिच्यावरूनच चाला.

*माळवद.* माळवद म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं छप्पर. जुन्या माळवदाइतकं थंड घर दुसरं नाही, पण दर उन्हाळ्यात त्याची देखभाल करावीच लागते. आधी गवत मुळासकट उपटा, नुसतं कापू नका. मूळ आत कुजलं की तिथून पाण्याला वाट मिळते. जुनी भुसभुशीत झालेली माती खरवडून खाली उतरवा आणि मगच पांढऱ्या मातीचा नवा थर द्या. लोक जुन्यावर नवं टाकत जातात, तिथेच घोटाळा होतो. १०० चौरस फुटांवर २ इंच माती म्हणजे पाऊण टनाच्या जवळपास वजन. पाच वर्षांचे थर साठले की तुळया वाकतात. थर देताना उतार पन्हळीकडे ठेवा, पाणी शिंपडून चोपण्यानं ठोका आणि वाळताना पडलेल्या भेगा पातळ मातीनं भरा.

काम सुरू करण्याआधी घरात उभं राहून प्रत्येक तुळई हातोडीच्या दांड्यानं वाजवा. पोकळ, भदभद आवाज आला तर आत वाळवी आहे. आधी सुतार बोलवा, माती नंतर.

माळवदावर सिमेंटचा कोबा कधीही करू नका. खालची माती आणि लाकूड ऋतूप्रमाणे हलतं, कोबा हलत नाही, म्हणून तो तडकतो. तडीतून पाणी आत जातं, बाहेर पडत नाही आणि लाकूड आतल्या आत सडतं. वरून सगळं ठीक दिसतं, म्हणून हे फार उशिरा कळतं.

*स्लॅब.* भेगा पहाटे शोधा आणि सकाळीच भरा. रात्री स्लॅब आकसतो, त्यामुळे भेग सर्वांत रुंद असते. दुपारी तो फुगतो आणि तीच भेग बारीक दिसते. दुपारी भरलेली भेग रात्री पुन्हा उघडते, त्याचं कारण हेच.

१. भेगेवर छिन्नीनं इंग्रजी व्हीच्या आकाराची, बोटभर रुंद आणि अर्धा इंच खोल खाच घ्या.
२. तारेच्या ब्रशनं घासा, धूळ फुंकून काढा, पाण्यानं भिजवा. पाणी साचलेलं नको, ओलावा हवा.
३. १ भाग सिमेंट, ३ भाग चाळलेली बारीक वाळू घ्या. नुसत्या पाण्याऐवजी पाण्यात एसबीआर लॅटेक्स (सिमेंटची पकड वाढवणारं रबरी द्रव्य) मिसळून कालवा, प्रमाण डब्यावर दिलेलं असतं. नुसतं सिमेंट-पाणी भरलं तर सुकताना आकसतं आणि कडेनं सुटतं.
४. केसासारख्या भेगांना खाच नको. सिमेंट आणि एसबीआरचं पातळ मिश्रण ब्रशनं दोनदा द्या.
५. कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात त्या कोपऱ्यात मसाल्याची गोलाई करा. सर्वांत जास्त गळती तिथूनच असते.
६. वर ओली पोती टाकून ७ दिवस ओलं ठेवा. या उन्हात एक दिवस जरी पोती सुकली तरी भराव तडकतो.

तपासा: पूर्ण स्लॅबवर पाणी कोंडून बघायला ५०० चौरस फुटांना इंचभर उंचीसाठी अकराशे-बाराशे लिटर पाणी लागतं. उन्हाळ्यात ते परवडत नाही. त्याऐवजी दुरुस्त केलेल्या भेगेभोवती मातीचा छोटा बांध घाला, आत दोन-तीन बादल्या पाणी ओता आणि २४ तासांनी खालून छत बघा. कोरडं असेल तरच पुढे जा.

टप्पा ३: स्लॅबला चुना

कळीचा चुना आणि पाणी यांचं प्रमाण १ किलोला ५ लिटर. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात चुन्याच्या कळ्या थोड्या-थोड्या सोडा. कळ्यांवर पाणी ओतायचं नाही. चुना उकळतो, उडतो, आणि डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. पातळ प्लास्टिकची बादली या उष्णतेनं वितळते. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, आणि लहान मुलं त्या भागात फिरकता कामा नयेत. डोळ्यात गेलाच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्यानं निदान पंधरा-वीस मिनिटं धूत राहा आणि तसंच दवाखान्यात जा.

पूर्ण एक दिवस, जमलं तर दोन दिवस भिजू द्या. मग जुन्या धोतराच्या कापडानं गाळा. न गाळलेल्या चुन्यातले खडे नंतर फुलतात आणि तिथला पापुद्रा उडतो.

लावायच्या वेळी १५ लिटरच्या एका बादलीत १०० ग्रॅम फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक कोमट पाण्यात विरघळवून घाला आणि अर्धा ते एक किलो पांढरं सिमेंट मिसळा. सिमेंट घातलेली बादली तासाभरात संपवा. सगळ्या पिंपात एकदम सिमेंट घालून ठेवलं तर संध्याकाळपर्यंत पिंपाच्या तळाला दगड तयार.

चुन्यात मीठ घालायची पद्धत मातीच्या भिंतीवर चालून गेली. स्लॅबवर नको. मीठ भेगांतून सळईपर्यंत पोचलं की गंज लागतो. निळही घालू नका. भिंतीवर ती छान दिसते, पण छपराला जितका पांढरा शुभ्र रंग तितकं ऊन परत जातं.

लावण्याची रीत: झाडून, धुऊन घेतलेला स्लॅब सूर्य मावळल्यावर पाण्यानं ओला करा आणि पातळ हात द्या. दुसरा हात दुसऱ्या संध्याकाळी, पहिल्याच्या आडव्या दिशेनं. जाड एक हात देऊ नका, दोन पातळ द्या. पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ हलकं पाणी शिंपडा. चुना हवा आणि ओलावा घेऊन हळूहळू घट्ट होतो. तापलेल्या स्लॅबवर तो तासात वाळतो आणि पीठ होऊन राहतो. दुपारी लावलेला चुना हाताला लागतो तो यामुळेच.

तपासा: चौथ्या दिवशी तळहात दाबून घासा. किंचित पांढरं लागलं तर हरकत नाही. मूठभर पावडर निघाली तर झाडून टाका आणि एक हात पुन्हा द्या. नीट लागलेल्या चुन्यानं वरच्या खोलीत २ ते ४ अंशांचा फरक पडतो. रात्री तो जास्त जाणवतो, कारण दिवसभर स्लॅब कमी तापतो.

घरात कूलर असेल तर समोरची खिडकी उघडी ठेवा. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम चालतो, पण बंद खोलीत दमट हवा कोंडते आणि अंग चिकट होतं.

टप्पा ४: सावली कुठे हवी

इथे जवळजवळ सगळे दिशा चुकतात. सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीला तो किंचित उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या बाजूला लावलेल्या झाडाची किंवा उभ्या जाळीची सावली मे महिन्यात वाफ्यावर पडतच नाही. भाजीला सावली डोक्यावरून हवी आणि पश्चिमेकडून हवी. घराच्या बाबतीतही पश्चिमेची भिंत आधी झाका. दुपारी तीन ते सहा हीच भिंत तापते आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. तिच्यापासून एक-दीड फूट अंतरावर दोडका किंवा घोसाळ्याचा वेल तारेवर चढवला तरी पुष्कळ फरक पडतो.

जाळी ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी घ्या. दुकानदार ७५ टक्क्यांची देऊ करतो. तिच्याखाली माणसं बसायला छान, भाजी मात्र उंच, पिवळट आणि लुळी होते. उंची ७ ते ८ फूट ठेवा. चार फुटांवर बांधलेल्या जाळीखाली हवा कोंडते आणि उघड्यावर असतं त्यापेक्षा जास्त तापतं. खांब दीड-दोन फूट खोल गाडा, चारही कोपऱ्यांना तारेचे ताण द्या आणि जाळी तारेवर कड दुमडून क्लिपांनी अडकवा. जाळीला सरळ भोक पाडून सुतळी ओवली तर पहिल्या वावटळीत ती फाटते. पश्चिमेच्या बाजूला जाळी जमिनीपासून फूटभर वरपर्यंत खाली आणा, उरलेल्या तीन बाजू मोकळ्या.

सावधान: दुपारनंतर ढग काळवंडून वारा सुटायला लागला की जाळीच्या एका बाजूच्या क्लिपा सोडून ती गुंडाळून ठेवा. पूर्ण ताणलेली जाळी शिडासारखी वारा धरते आणि खांबांसकट उखडते.

टप्पा ५: पिंपाचं ठिबक

२०० लिटरचं पिंप, त्याचा तळ जमिनीपासून १ मीटर उंच. भरलेल्या पिंपाचं वजन दोनशे किलोच्या वर जातं, म्हणून ओटा विटांचा किंवा दगडांचा बांधा. लाकडी घडवंचीवर भरवसा ठेवू नका. नळ तळापासून दोन इंच वर बसवा, म्हणजे गाळ आत राहतो. नळानंतर जाळीचा फिल्टर, मग १६ मिलिमीटरची नळी.

ड्रिपर घेताना एक गोष्ट विचारा: साधा आहे की पीसी (प्रेशर कॉम्पेन्सेटिंग, म्हणजे दाब सांभाळणारा)? पीसी ड्रिपरला दाब लागतो. मीटरभर उंचीच्या पिंपावर तो उघडतच नाही आणि लोक ठिबकालाच नावं ठेवतात. साधा ड्रिपर घ्या. त्याच्यावर ताशी ४ लिटर लिहिलेलं असतं ते मोटरच्या दाबाला. १ मीटर उंचीवर तोच ताशी सव्वा लिटरच्या आसपास देतो. हिशेब त्यावर करा: १० फुटी वाफ्यात दोन नळ्या, एका नळीवर फूटभर अंतरानं १० ड्रिपर, म्हणजे वीस ड्रिपर तासाला २५ लिटर देतात. वाफ्याची रोजची गरज तेवढीच आहे. रोज एक तास.

पाणी सकाळी आठच्या आत द्या. काळी नळी उन्हात असली की दुपारी तिच्यातलं पाणी हाताला सोसत नाही इतकं तापतं, आणि ते थेट मुळाशी जातं. नळी आच्छादनाखाली लपवा. पिंप झाकलेलं ठेवा, नाहीतर शेवाळ धरतं. आठवड्यातून एकदा नळ्यांची टोकं उघडून पाणी वाहू द्या. इकडच्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर दिसला तर ड्रिपर काढून रात्रभर लिंबाच्या रसाच्या पाण्यात बुडवून धुवा. न्हाणीचं पाणी ठिबकात कधीही सोडू नका.

तपासा: प्रत्येक नळीच्या पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली वाटी ठेवून दहा मिनिटं थांबा. शेवटच्या वाटीत पहिलीच्या निम्म्यापेक्षा कमी पाणी असेल तर नळी फार लांब आहे किंवा चढाला गेली आहे.

टप्पा ६: माती आणि वाफे

काळ्या रानात आधी भेगा बुजवा. खुरप्यानं वरचा दोन-तीन इंच थर मोकळा करून भेगांत लोटा. तसं न करता पाणी सोडलं तर ते भेगेतून थेट हातभर खाली जातं आणि वरची माती कोरडीच राहते.

ओली काळी माती खणू नका. मूठभर माती दाबा, गोळा होऊन तो बोटानं टिचकी मारताच फुटला तर वाफसा आहे. गोळा चिकटून राहिला तर दोन दिवस थांबा. चिखलात खणलेली ढेकळं उन्हात विटा होतात आणि पुढे हंगामभर फुटत नाहीत.

उन्हाळ्यात वाफा जमिनीपेक्षा दोन-तीन इंच खोल घ्या. गादीवाफा पावसाळ्यासाठी असतो. मे महिन्यात तो चारी बाजूंनी वाळतो. एका वाफ्यात पूर्ण कुजलेलं शेणखत दोन-तीन घमेली आणि निंबोळी पेंड एक किलो मिसळा. अर्धवट कुजलेल्या शेणानं हुमणी आणि वाळवी येते. उकिरड्यातलं खत हातात घेतल्यावर गरम लागत असेल किंवा शेणाचा वास येत असेल तर ते अजून तयार नाही.

काळ्या मातीत दोन पाट्या वाळू टाकल्यानं ती मोकळी होत नाही. थोडी वाळू आणि चिकणमाती मिळून ती आणखी घट्ट होते. खत आणि आच्छादन हाच उपाय आहे.

आच्छादनासाठी उसाचं पाचट, तुरीचा भुसकट, शेंगांची टरफलं, गव्हाणीत उरलेली चिपाडं चालतात. चांगला कडबा जनावरांना ठेवा. थर दोन-तीन इंच, आणि रोपाच्या बुंध्यापासून दोन बोटं दूर, म्हणजे वाळवी खोडाला लागत नाही. पाचटाचा ढीग घराच्या भिंतीला टेकवून रचू नका. तिथे विंचू आणि साप येतात. आच्छादनात हात घालण्याआधी काठीनं हलवा, रात्री बॅटरीशिवाय जाऊ नका.

एक वाफा रिकामा ठेवा आणि पावसाळी मिरची-वांग्याच्या रोपांसाठी तयार करा. तो भिजवून त्यावर पारदर्शक पातळ प्लास्टिक अंथरा, चारही कडा मातीनं दाबा, चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. उन्हानं तणाचं बी आणि सूत्रकृमी बऱ्याच प्रमाणात मरतात. काळं प्लास्टिक यासाठी उपयोगाचं नाही, त्याखाली माती तितकी तापत नाही. हरळी आणि लव्हाळ्याच्या गाठी मात्र यानं मरत नाहीत, त्या आधीच खणून काढा.

टप्पा ७: पेरणी

भेंडी मार्चअखेरपर्यंत. एप्रिलमध्ये गवार, चवळी, तांदुळजा, घोळ, अंबाडी. मेथी जाळीखाली येते, पण वीस-पंचवीस दिवसांत उपटून घ्यायची. मे महिन्यात तांदुळज्याशिवाय नवं काही पेरू नका. टोमॅटो आणि घेवड्याची नवी लागवड तर आता नकोच. पारा चढला की फुलं गळतात, आणि लोक ती औषधानं थांबवायला बघतात.

पेरण्याच्या आदल्या संध्याकाळी वाफा पूर्ण भिजवा. दुसऱ्या संध्याकाळी वाफशावर बी टोका, कोरड्या भुसभुशीत मातीनं झाका आणि लगेच आच्छादनाचा अगदी पातळ थर द्या. कोरड्यात बी टाकून वरून पाणी सोडलं की काळ्या मातीवर पापुद्रा धरतो आणि कोंब खालीच वाकून मरतो. उगवण कमी झाली म्हणून बियाण्याला दोष दिला जातो, पण बहुतेक वेळा पापुद्राच कारणीभूत असतो. भेंडीचं बी रात्रभर भिजवा. भेंडी, गवार आणि चवळीची खोली बोटाचं एक पेर. भेंडीच्या ओळी फूट-दीड फुटावर, ओळीतलं अंतर अर्धा फूट. तांदुळज्याचं बारीक बी वाळूत मिसळून वरच्या वर फेका, पेरभर खोल गेलं तर उगवणार नाही.

भेंडीची पानं शिरांपासून पिवळी पडली तर तो केवडा रोग. औषध नाही, झाड उपटून पुरा. तो पांढरी माशी पसरवते, म्हणून पिवळे चिकट सापळे आधीपासून लावा. दर आठ-दहा दिवसांनी निंबोळी अर्क फवारा: अर्धा किलो निंबोळीचा गर कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, गाळा, थोडा साबण घालून एकूण १० लिटर करा. फवारणी संध्याकाळीच. सकाळी फवारलेलं उन्हात उडून जातं आणि पानंही भाजतात.

टप्पा ८: फळझाडांचे खड्डे

खड्डे आत्ता, झाडं जुलैत. मे महिन्यात आणलेलं रोप महिनाभर जगवण्यात पाणी जातं आणि तरी ते खुरटतं. आंब्याला ३ फूट, लिंबू, पेरू, सीताफळ आणि शेवग्याला २ फूट लांबी-रुंदी-खोली पुरे. वरची फूटभर माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला टाका. खड्डा तीन-चार आठवडे उन्हात उघडा राहू द्या. भरताना वरची माती शेणखतात मिसळून खाली जाते, आणि खड्डा जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच भरायचा, कारण पहिल्या पावसात तो बसतो.

मुरमाड माळावर खड्ड्याचा तळ पहारीनं फोडा आणि तळ्यातला गाळ मिसळा. भारी काळ्या रानात पाणी साचतं, तिथे खड्डा मोठा घेण्यापेक्षा रोप उंचवट्यावर लावणं बरं.

तपासा: खालच्या मातीवर लिंबाचा रस पिळा. फेस आला तर ती चुनखडीची. तिच्यातले पांढरे खडे लिंबाच्या खड्ड्यात परत घालू नका. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात ती यामुळे. तिथे बाहेरची माती आणा.

खड्ड्यांभोवती काटेरी फांद्या लावा. रात्री माणूस, वासरू पडतं.

टप्पा ९: रोहिणीच्या आत

पन्हळी आणि पाइप साफ करून खाली पिंप लावा. ५०० चौरस फुटांच्या छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर वाया जाणारं सोडून पावणेचारशे लिटर पाणी मिळतं. पहिल्या पावसाचं धुवण वाहून जाऊ द्या, त्यात धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते. पिंप भरल्यावर जादा पाणी घराच्या पायाशी पडणार नाही, शोषखड्ड्यात किंवा बोअरच्या भरणखड्ड्यात जाईल अशी वाट आधीच काढा.

अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि अर्थिंग कामच करत नाही. आठवड्यातून एक बादली पाणी ओता. मोटरच्या पेटीला झिणझिण्या येत असतील तर मेन बंद करून वायरमनला बोलवा. ओल्या जमिनीवर उभं राहून पेटी उघडू नका.

मृगाचा पाऊस जमला की जाळी काढून कोरडी गुंडाळून ठेवा. ढगाळ दिवसांत तिच्याखालची भाजी रोगाला बळी पडते. खोल वाफ्यांच्या खालच्या कडेला कुदळीनं तोंड फोडून पाणी बाहेर काढा, आणि नवी लागवड गादीवाफ्यावर घ्या.